बॅकप्लेटला टाकी बसवताना: बँड, एसटीए की बोल्ट?

गेल्या जानेवारीत मालवणच्या एका होडीवर आम्ही तिघं स्कूबा डाइव्हला स्वतःची बॅकप्लेट, म्हणजे हवेची टाकी पाठीवर धरणारी धातूची प्लेट, घेऊन गेलो होतो. एकाची टाकी पाठीवर डावी-उजवीकडे डुलत होती. दुसरीला मान वर करता येईना, कारण डोकं रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजवर, म्हणजे टाकीच्या व्हॉल्व्हवर बसणाऱ्या भागावर, आपटत होतं. तिसरा मी. बॅक रोल मारून, म्हणजे काठावरून पाठीमागे कलंडून, पाण्यात गेलो आणि पाच मिनिटांत तोंडातला रेग्युलेटर मागून कुणी ओढतंय असं वाटायला लागलं. वर आलो तर होडीवाला ओरडला, ‘ओ, टाकी खाली इली तुमची!’ टाकीभोवतीचा बँड कोरडाच आवळला होता. पाण्यात भिजून तो सैल पडला आणि टाकी चार बोटं खाली घसरली.

चुका तीन, पण मूळ एकच. प्लेट आधी घेतली, फोटोत छान दिसला म्हणून एसटीए (एक टाकी प्लेटला जोडायची धातूची पट्टी) घेतला, आणि विंगवर (प्लेटमागच्या हवेच्या पिशवीवर) भोकं कुठे आहेत ते शेवटी बघितलं. खरा क्रम उलटा आहे: आधी टाकी, मग विंग, मग प्लेट, आणि सगळ्यात शेवटी जोडणी. खाली तोच क्रम धरला आहे. तुमचा बेसिक कोर्स झालेला आहे आणि जॅकेट बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) तुम्ही वापरलेला आहे असं गृहीत धरतो. हार्नेस, म्हणजे प्लेट अंगावर बांधायचे पट्टे, मापात बसवणं हा वेगळा विषय आहे, तो इथे घेत नाही.

टप्पा 1: टाकी कोणती मिळणार ते ठरवा

आपल्यापैकी बहुतेकांकडे स्वतःची टाकी नसते, डाइव्ह सेंटरची मिळेल ती घ्यायची. मालवण, गोवा, नेत्राणी, अंदमान, जिथे जिथे मी गेलो तिथे बहुधा 11.1 लिटरची अ‍ॅल्युमिनियमची टाकी हाती आली. तिचा व्यास सुमारे 184 मिलिमीटर, रिकामी असताना वजन 14 किलोच्या आसपास. परदेशात, विशेषतः युरोपात, 12 लिटरची स्टीलची टाकी सर्रास मिळते. ती उंच असेल तर व्यास 171 मिलिमीटर, बुटकी असेल तर 203.

हे आकडे उगाच देत नाही. व्यासाचा हिशोब परिघात करून बघा: 171 ला साधारण 54 सेंटिमीटर, 184 ला 58, 203 ला 64. म्हणजे एका टाकीवर चपखल बसलेला बँड दुसरीवर दहा सेंटिमीटरपर्यंत कमी-जास्त पडू शकतो. ‘घरी बसवून बघितलं होतं, बरोबर बसलं होतं’ म्हणणाऱ्याने घरी कोणती टाकी वापरली होती, हे विचारावं लागतं ते यासाठीच.

दुसरा मुद्दा हवेच्या वजनाचा. 11.1 लिटरच्या टाकीत 200 बार दाबाला सुमारे 2,200 लिटर हवा मावते आणि लिटरला 1.2 ग्रॅम धरले तर ती अडीच किलोंच्या वर भरते. अ‍ॅल्युमिनियमची टाकी भरलेली असताना किंचित बुडते, पण रिकामी झाली की जवळजवळ दोन किलोंनी वर ओढते. स्टीलच्या टाक्या सहसा रिकाम्या असतानाही तरंगत नाहीत. प्लेट स्टीलची घ्यायची की अ‍ॅल्युमिनियमची, हे इथूनच ठरतं.

तपासा: पुढच्या वर्षभरात तुम्ही एकच टाकी लावून डाइव्ह करणार की दोन टाक्यांचा ट्विनसेट? उत्तर ‘कधीतरी ट्विनसेट’ असेल तर ते आजच्यापुरतं ‘एकच टाकी’ समजा. त्या कधीतरीसाठी आत्ता सामान घेतलेले बरेच जण आज ते विकायला बसले आहेत.

टप्पा 2: विंग हातात घेऊन तिच्यावरची भोकं बघा

विंग म्हणजे प्लेट आणि टाकी यांच्यामध्ये बसणारी हवेची पिशवी. ती जमिनीवर पसरा. मधल्या पट्ट्यात दोनपैकी काय दिसतंय ते बघा.

वर आणि खाली गोल, धातूची कडी बसवलेली भोकं दिसतील. ती बोल्टसाठी. त्यांच्या केंद्रांतलं अंतर 11 इंच, म्हणजे 279 मिलिमीटर, हे बहुतेक कंपन्या पाळतात. काही विंगवर एकाखाली एक अशा अनेक जोड्या असतात, विंग वर-खाली करता यावी म्हणून.

त्याशिवाय उभ्या चिरा असतील तर त्या कॅम बँडसाठी. कॅम बँड म्हणजे टाकीभोवती आवळायचा, साधारण दोन इंच रुंदीचा, बकलवाला पट्टा. चिरा असल्या तर एक टाकी थेट लावता येते. नसल्या तर बँड ओवायला जागाच नाही आणि मग एसटीए घ्यावाच लागतो.

तिसरी गोष्ट हाताने चाचपायची. एका टाकीसाठी बनवलेल्या काही विंगच्या मधल्या पट्ट्यात दोन उभ्या, जाड, कडक नळ्या किंवा दांड्या शिवलेल्या असतात. टाकी त्या दोघींच्या मध्ये बसते आणि लोळत नाही. या दिसल्या तर एसटीएचे पैसे वाचले समजा.

सावधान: ट्विनसेटची रुंद विंग एका टाकीवर लावू नका. तिच्या कडा टाकीभोवती पोळीसारख्या गुंडाळल्या जातात, हवा एका बाजूला अडकते आणि ती बाहेर काढायला तुम्ही पाण्यात कोलांट्या मारत बसता. एका टाकीला 13 ते 18 किलो उचलणारी विंग पुष्कळ झाली.

टप्पा 3: प्लेट उलटी करून बघा

बॅकप्लेटच्या मधोमध उभी घडी असते. पाठीच्या बाजूने ती पन्हाळ दिसते, टाकीच्या बाजूने उंचवटा. ट्विनसेटच्या दोन टाक्यांमधल्या खाचेत हा उंचवटा छान बसतो, कारण प्लेटचा आकार मुळात त्यासाठीच आहे. एकच टाकी लावली की मात्र गोल टाकी आणि उंचवटा, पोटाला पोट लागतं. डुलण्याचा आजार तिथून सुरू होतो.

उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या चिरा आहेत का ते बघा. असतील तर कॅम बँड एका चिरेतून पाठीकडे येतो, पन्हाळीतून आडवा जातो आणि दुसऱ्या चिरेतून परत टाकीकडे निघतो. पन्हाळीमुळे तो पाठीला टोचत नाही.

स्टीलची प्लेट साधारण पावणेतीन किलोंची असते, अ‍ॅल्युमिनियमची एक किलोच्या आत-बाहेर. आपल्या कोमट समुद्रात 3 मिलिमीटरचा सूट आणि अ‍ॅल्युमिनियमची टाकी असेल तर मी डोळे झाकून स्टीलची प्लेट घेईन. कंबरेच्या पट्ट्यावरचं शिसं तेवढं कमी होतं. विमानाने जायचं असेल किंवा टाकीच स्टीलची मिळणार असेल तर अ‍ॅल्युमिनियम.

टप्पा 4: आता जोडणी निवडा

पहिली पद्धत: बँड थेट प्लेटमधून. विंगलाही चिरा, प्लेटलाही चिरा, आणि विंगला टाकी धरून ठेवणाऱ्या नळ्या. एका टाकीसाठी माझी पहिली पसंती हीच. टाकी पाठीला जवळ राहते, सुटे भाग कमी, वजन कमी.

दुसरी पद्धत: एसटीए. पूर्ण नाव सिंगल टँक अ‍ॅडॉप्टर. कडा वळवलेली एक लांबट धातूची पट्टी, प्लेटवर दोन बोल्टनी घट्ट बसते आणि तिच्या दोन कडांवर टाकी टेकते. कॅम बँड तिच्याच चिरांतून जातात. विंगला चिरा नसतील, किंवा चिरा आहेत पण नळ्या नाहीत आणि टाकी लोळते, तर हा घ्या. तोटा असा की टाकी पाठीपासून आणखी लांब जाते, त्यामुळे कुशीवर वळल्यावर तिची ओढ जास्त जाणवते. काही एसटीएंमध्ये मुद्दाम वजन भरलेलं असतं. ज्याला कंबरेवरचं शिसं पाठीवर हलवायचंय त्याला ते सोयीचं, पण ते वजन संकटात टाकून देता येत नाही, हे लक्षात ठेवून घ्या.

तिसरी पद्धत: बोल्ट. ही फक्त ट्विनसेटची. दोन टाक्या स्टीलच्या दोन कड्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात आणि त्या कड्यांतून बाहेर आलेले बोल्ट विंग व प्लेट पार करून पन्हाळीत निघतात.

पहिली पद्धत जमत असताना दुसरीकडे जाऊ नका. एसटीए हा उपाय आहे, शोभेची वस्तू नव्हे. माझा दोन वर्षं कपाटात पडून आहे.

टप्पा 5: एका टाकीची जुळणी, घरी, वेळ काढून

ही जुळणी होडीवर करायची नाही. लाटांवर, ओल्या हातांनी, शेजारी उलटी करणारा पर्यटक असताना चिरेतून पट्टा ओवून बघा, मग कळेल. पलंगावर चादर टाका.

1. प्लेट पालथी ठेवा, उंचवटा तुमच्याकडे. मानेची बाजू वर.

2. तिच्यावर विंग ठेवा. इन्फ्लेटरची, म्हणजे विंगमध्ये हवा भरायची, लवचिक नळी वरच्या टोकाला यायला हवी आणि डाव्या खांद्यावरून पुढे जायला हवी. तुम्ही डाइव्हरला मागून बघताय, म्हणजे डावी ती डावीच.

3. एसटीए नसेल तर दोन बुटक्या, चपट्या डोक्याच्या स्क्रूंनी विंग प्लेटला धरून ठेवा. ते नसले तरी बँड आवळल्यावर विंग हलत नाही, पण टाकी बदलताना प्रत्येक वेळी सगळं सुटं होतं. एसटीए असेल तर क्रम प्लेट, विंग, एसटीए. नट पाठीच्या बाजूला, पन्हाळीत.

4. वरचा बँड ओवा: विंगची चीर, प्लेटची चीर, पन्हाळीतून आडवा, पलीकडची प्लेटची चीर, पलीकडची विंगची चीर. खालचाही तसाच. एसटीए असेल तर बँड फक्त त्याच्या चिरांतून, प्लेटपर्यंत जायचंच नाही.

5. दोन्ही बकल एकाच बाजूला आणि एकाच दिशेने उघडणारे ठेवा. उलटसुलट बसले तर पाण्यात मदतीला आलेल्या जोडीदाराचा गोंधळ होतो.

6. बँडला आतून रबरी पट्टी असेल तर ती टाकीच्या पोटावर यायला हवी, पन्हाळीत नाही.

तपासा: विंग तोंडाने पूर्ण फुगवा. कुठे बँडखाली चिमटली आहे का? विंग बँडच्या आत अडकणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे आणि फुगवल्याशिवाय ती दिसत नाही.

बोल्टबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथे फटका बसतो. युरोपी सामानात बहुधा एम8 बोल्ट असतात, अमेरिकी सामानात 5/16 इंचाचे. जाडी जवळजवळ सारखीच, 8 मिलिमीटर आणि 7.94. डोळ्याला फरक कळत नाही. पण आटे वेगळे. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन वेढे आरामात जातो, मग अडतो, आणि ‘गंज असेल’ म्हणून पाना लावला की आटे गेले. नट बोटांनी शेवटपर्यंत फिरत नसेल तर तो त्या बोल्टचा नाही, विषय संपला. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्यात बोहरी आळीत स्टेनलेसचे बोल्ट मिळतात. जाताना जुना बोल्ट सोबत न्या आणि 316 मागा. 304 मिळतो, स्वस्तही पडतो, पण खाऱ्या पाण्यात तो लवकर डागाळतो.

लांबीही बघा. नट आवळल्यावर बोल्टचे दोन-तीन आटे बाहेर दिसायला हवेत. त्याहून कमी म्हणजे पकड नाही. बोटभर बाहेर आला तर तो मणक्याला टोचणार.

टप्पा 6: ट्विनसेट असेल तर

एक टाकीवाल्यांनी हा टप्पा सोडून द्यावा.

ट्विनसेट भक्कम जागी उभा करा, बोल्ट तुमच्याकडे, आणि कुणाला तरी धरायला सांगा. भरलेला संच पस्तीस-चाळीस किलोंचा असतो, पायावर पडला तर डाइव्ह राहिली बाजूला. आधी विंग बोल्टांवर चढवा, मग प्लेट. प्लेट दोन्ही बोल्टांवर अलगद बसायला हवी. वरचा बोल्ट बसला आणि खालचा ओढून बसवावा लागतोय, म्हणजे कड्या सरकल्या आहेत. त्या सैल करून अंतर पुन्हा 279 मिलिमीटर करा, प्लेट वाकवायचा प्रयत्न करू नका. वॉशर, मग पंखवाला नट, हाताने जितका आवळेल तितका. दोन्ही नट थोडे थोडे, आळीपाळीने.

सावधान: दोन जादा पंखवाले नट पिशवीत हवेतच. होडीच्या फळ्यांच्या फटीत गेलेला नट परत मिळाल्याचं मी बघितलेलं नाही.

टप्पा 7: होडीवर टाकी चढवणं

1. टाकीला जाळी असेल तर बँडच्या जागेपुरती ती खाली सरकवा किंवा काढून टाका. जाळीवर बँड कितीही आवळला तरी घसरतो.

2. दोन्ही बँड समुद्राच्या पाण्यात बुडवून चिंब करा. नायलॉन भिजलं की ताणतं, मग आधीच भिजवून आवळा. माझी जानेवारीची गंमत या एका ओळीत होती. होडीवर बादली नसेल तर पिण्याची बाटली ओता.

3. व्हॉल्व्हचं तोंड, जिथे रेग्युलेटर बसतो ते, प्लेटकडे करा. मग व्हॉल्व्हची मूठ उजव्या हाताला येते. डावीकडे आली असेल तर टाकी उलटी आहे.

4. आधी वरचा बँड, मग खालचा. बकलमध्ये पट्टा ओवायची वाट कंपनीनुसार थोडी बदलते, म्हणून ती पाठ करण्यापेक्षा घरी नीट ओवलेल्या बकलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. एक गोष्ट मात्र सहसा सगळीकडे सारखी: लिव्हर मिटायच्या आधी किंवा मिटल्यावर पट्ट्याचं टोक एका शेवटच्या चिरेतून परत यायचं असतं. घाईत हीच चीर राहते. ती राहिली तर लिव्हर मिटलेली दिसते, घट्टही लागते, आणि पाण्यात धक्का बसला की उघडते.

5. लिव्हर मिटायला तळव्याचा जोर लागायला हवा. दोन बोटांनी मिटली तर सैल आहे, पट्टा पुन्हा ओढा. गुडघा लावावा लागला तर जास्त झालं, प्लास्टिकचं बकल अशाने मोडतं.

तपासा: प्लेटला वरून दोन्ही हातांनी धरून टाकीसकट उचला आणि दोनदा झटका द्या. टाकी एक बोटही सरकता कामा नये. मग टाकी धरून डावी-उजवीकडे पिळा. डुलली तर विंगच्या नळ्यांच्या किंवा एसटीएच्या कडांच्या मध्ये ती नीट बसलेली नाही, सोडून पुन्हा बसवा. बँड आणखी आवळून डुलणं थांबत नाही.

तपासून झालं की टाकी आडवी ठेवा. हलत्या होडीत उभी टाकी ठेवून सनस्क्रीन लावायला गेलेला माणूस प्रत्येक ट्रिपला एक तरी असतो.

टप्पा 8: उंची जुळवणं

वरचा बँड टाकीच्या सरळ भागावर हवा. खांद्याची गोलाई जिथे सुरू होते तिथे नको, तिथून तो निसटतो. त्या मर्यादेत उंची तुमच्या अंगाप्रमाणे.

घरी टाकीसकट हार्नेस घालून पालथे झोपा. समोर पाच-सहा फुटांवरची वस्तू बघा. डोकं फर्स्ट स्टेजला लागलं तर टाकी उंच आहे. आता उजवा हात मागे नेऊन व्हॉल्व्हची मूठ बोटांनी पकडता येते का बघा. येत नसेल तर टाकी खाली आहे. या दोन टोकांच्या मधली जागा तुमची. दोन्ही एकदम साधत नसेल तर आधी खांद्याचे पट्टे बघा, बरेचदा दोष त्यांच्या ढिलेपणाचा असतो.

इथे भल्याभल्यांचा उलट हिशोब होतो: बँड टाकीवर खाली सरकवला की टाकी पाठीवर वर जाते. वाटल्यास कागदावर काढून बघा.

पाण्यात हात-पाय न हलवता आडवे तरंगून बघा. पाय बुडत असतील तर टाकी दोन सेंटिमीटर वर घ्या, डोकं बुडत असेल तर तेवढीच खाली. एका डाइव्हला एकच बदल करा आणि ही चाचणी टाकीत 50-60 बार उरलेले असताना घ्या. भरलेली अ‍ॅल्युमिनियमची टाकी आणि रिकामी होत आलेली टाकी सारखी वागत नाहीत, आणि सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येतानाच्या शेवटच्या थांब्याला, तुमच्या पाठीवर दुसरीच असते.

जमलेली उंची विसरू नये म्हणून मी एक साधी सवय लावून घेतली आहे. वरच्या बँडच्या वरच्या काठापासून व्हॉल्व्हच्या बुडापर्यंत आडवी बोटं मोजतो. माझी चार. जोडीदाराला सांगून ठेवली की तोही बघतो.

टप्पा 9: पाण्यात टाकी सरकलीच तर

लक्षण ठरलेलं: रेग्युलेटरची नळी तोंडाला ओढ देते, नाहीतर टाकीचा बूड मांडीमागे लागतो. तळाला जाऊन एकट्याने मागे हात घालत बसू नका. जोडीदाराला खूण करा, दोघं स्थिर व्हा. रेग्युलेटर तोंडात घट्ट धरा आणि जोडीदाराने बकल उघडून, टाकी वर घेऊन, पुन्हा मिटेपर्यंत हलू नका. दोन्ही बँड एकदम उघडायचे नाहीत. आधी एक सैल करून बघायचा, बहुतेक वेळा तेवढ्यात टाकी वर घेता येते. नाही जमलं तर डाइव्ह संपवा.

टप्पा 10: घरी आल्यावर

बँड बकलमधून पूर्ण सोडवा आणि गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, नुसता पाइप मारून भागत नाही. मीठ बसतं ते पट्ट्याच्या विणीत आणि बकलच्या पिनेत. प्लेट अ‍ॅल्युमिनियमची आणि बोल्ट स्टीलचे असतील तर महिन्यातून एकदा बोल्ट काढून पुसा. या दोन धातूंमध्ये खारं पाणी अडकलं की भोकाभोवती पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट तिथेच चिकटतो. जूनपासून किनाऱ्यावर डाइव्ह बंद असतात, तेव्हा सगळं सुटं करून, वाळवून, पट्टे गुंडाळी न करता लोंबते ठेवा. पट्ट्याच्या कडेचे धागे निघाले असतील किंवा बकलच्या दातांजवळ तो पातळ झाला असेल तर नवा बँड तेव्हाच मागवून ठेवा. ऑक्टोबरात पहिल्या होडीच्या आदल्या रात्री तो कुठेच मिळत नाही.